ऐतवारी एक पिस्तूल

“आज एकच दावते. बाकीची निजल्यात.”

असं म्हणून काकू आधी पदराला हात पुसायच्या, मग दिवाणावरची गादी कोपऱ्यातून उचलायच्या आणि खालच्या पेटीतून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक पिस्तूल बाहेर काढायच्या. टीपॉयवर ते ठेवताना नळीचं तोंड नेहमी खिडकीकडं. “माणसाकडं तोंड करून ठिवू नाय. मेलेलं असलं तरी.”

पेटीत अशी चौदा पिस्तुलं होती. काकू रोज रात्री त्यांच्यावरच गादी टाकून झोपत.

पुंडलिकनगरात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या दाखल्याचे, मुली दाखवायचे. एका दुपारी काकू आल्या आणि काउंटरवर कापडी पिशवी ठेवून म्हणाल्या, “वस्तूचे फोटू काढता का?”

“काढतो की. काय वस्तू आहे?”

“पिस्तुलं हायेत.”

मी आधी दुकानाच्या दाराकडं पाहिलं. काकूंना ते अपेक्षित असावं. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं कलेक्टर कचेरीचं पत्र काढलं. हत्यारं पुरातन आहेत, गोळी झाडण्यास निकामी आहेत, असं त्यात लिहिलेलं होतं. “लायसन लागत नाय त्येला,” काकू म्हणाल्या, “मालक गेले. पोरगी पुण्यात असती. ती म्हणती फोटू पाठीव, मंग इकून टाकू.”

मालक म्हणजे त्यांचे यजमान जमीन मोजणीच्या खात्यात होते. कन्नड, सोयगाव, सिल्लोड या भागांत साखळी घेऊन हिंडताना कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कणगीमागं ठासणीची जुनी पिस्तुलं सापडायची, ती ते जमवत गेले. त्यांचाही एक हट्ट होता. चांदीचं कोरीवकाम केलेलं शिकारीचं पिस्तूल समोर आलं तरी ते हात लावत नसत. त्यांना फौजीच लागे; निजामाच्या नाही तर कंपनी सरकारच्या स्वाराच्या खोगिराला लटकलेलं, साधं, जड, दणकट.

पहिल्या रविवारी मी कॅमेरा, दोन दिवे आणि पांढरा कागद घेऊन गेलो. दुपारपर्यंत चौदाही उरकतील असा माझा हिशोब. काकूंनी एकच काढलं. ते झाल्यावर मी म्हणालो, “दुसरं?”

“पुढच्या ऐतवारी. पोहे खा आधी.”

मला वाटलं, बाई सावध आहे. एकदम सगळा ऐवज परक्या माणसापुढं कशाला मांडेल?

मी निघालो तेव्हा जिन्यात तीन माणसं भेटली. जुनी हत्यारं जमवणारी संग्राहक मंडळी. यजमान होते तेव्हापासून दर रविवारी येणारी, आणि आता ही चौदा पिस्तुलं कुणाला मिळतात यावर डोळा ठेवून असलेली. पुढच्या रविवारपासून मीही त्यांच्यातच बसू लागलो.

हौशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण एकाच हौसेची तीन माणसं एका खोलीत बसलेली पाहायला मिळणं अवघड. त्यांच्यापुढं एक पिस्तूल ठेवलं, की ती तीन पिस्तुलं व्हायची. एक होते इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना फक्त शिक्के दिसत. ते भिंग लावून घोड्याखालच्या लोखंडी पत्र्यावर वाकत, आणि तिथं काही कोरलेलं नसलं की भिंग खिशात घालून पोह्यांकडं वळत. दुसरे दातांचे डॉक्टर. त्यांना पितळ लागायचं. मुठीच्या बुडाला पितळेची टोपी असली की ते तिच्यावर अंगठा फिरवत राहत आणि म्हणत, “घासली तर काय चमकेल!” तिसरे चाचा, जुन्या फर्निचरचा धंदा केलेले. लोखंड, पितळ यांत त्यांना रस नव्हता. ते पिस्तूल उलटं करून लाकूड बघत, नखानं खरवडत, वास घेत. “ये अखरोट है अम्मा, ये रेशा देखो. पितल-वितल क्या करना है अपन को?”

मग भांडणं. डॉक्टर म्हणायचे, वस्तू स्वच्छ हवी. प्राध्यापक म्हणायचे, घासलंत की शिक्का गेला, मग उरलं काय, नळाची तोटी? चाचा दोघांकडं बघून हसायचे. काकू स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या. मधेच बोलायच्या, “घोडा मूळचा नाय त्येचा. मागून बसवलाय.” तिघेही पुन्हा वाकून बघायचे. काकूंचंच खरं निघायचं.

“तुम्हाला हे कुणी शिकवलं?” मी एकदा विचारलं.

“कोण शिकविणार? तीस वर्सं चहा देऊन ह्याच दाराआड उभी ऱ्हायले. मालक त्येंच्याशी बोलायचे. माझ्याशी नाय बोलायचे, पर ऐकू तर येतंय.”

यजमान असताना काकूंना पिस्तुलांना हात लावायची परवानगी नव्हती. ते गेल्यावर त्यांनी एकेक काढून शिलाई मशीनचं तेल लावायला सुरुवात केली. लावता लावता त्यांना कळलं, की दाराआडून ऐकलेलं सगळं हातांना ठाऊक आहे.

अशा तऱ्हेनं चौदा रविवारांत काम संपायला हवं होतं. संपलं नाही. काकूंना फोटो पसंत पडत नसत. “मुठीवर उजेड लई झाला. परत काढा.” कधी पोरीला दुसऱ्या बाजूनं हवा असायचा. किंमत विचारली की एकच उत्तर, “पोरीला इचारून सांगते.” कोण कशासाठी येतो हे त्यांना पाठ होतं. डॉक्टर दोन रविवार फिरकले नाहीत, की तिसऱ्या रविवारी पितळेच्या टोपीवालं निघायचं, आणि ही बातमी डॉक्टरांना आदल्या दिवशीच फोनवर कळलेली असायची. वर्ष उलटून गेलं. मी मूर्ख, तरी मला वाटायचं, बाई चोखंदळ आहे.

एका रविवारी बाकीचे यायच्या आधी मी विचारलं, “काकू, तुम्हाला स्वतःला कोणतं आवडतं?”

त्या हातातलं फडकं घेऊन थांबल्या. “मला कुणी इचारलंच नाय आजवर.”

मग पेटीच्या तळातून त्यांनी एक काढलं. मी पाहिलेल्यांत ते सगळ्यांत कुरूप. शिक्का नाही, पितळ नाही, मूठ कुणा गावच्या सुतारानं बाभळीची बसवलेली, वर लोखंडी पट्टी ठोकलेली. तिघांपैकी एकानंही ते दोनदा पाहिलं नसतं.

“हे अजिंठ्याच्या एका शेतकऱ्याकडलं. मालक मला म्हणले, चल. एवढ्या सालांत एकदाच म्हणले. एसटीनं गेलो. येताना हे पेपरात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं. इकडं मोटर लई हालायची, तं मी दोन्ही हातानं धरून बसले. मालक खिडकीशी. फुलंब्रीला त्येंनी खाली उतरून भजे आणले.” काकू पिस्तुलाकडं बघत होत्या. “मला पिस्तुलातलं काय आवडायचंय भाऊ? मला ती एसटी आवडती.”

जिन्यात चाचांची काठी वाजली आणि काकूंनी ते पिस्तूल घाईनं पेटीत ठेवून दिलं.

पुढं जे झालं त्याला प्राध्यापकांचे डोळे कारण. त्यांना दिसायचं कमी होत चाललं होतं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. काकूंकडच्या एका पिस्तुलावर बदामाच्या आकारात कंपनी सरकारची अक्षरं होती. तो शिक्का स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, डोळे आहेत तोवर बघायचा, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. चार वेळा त्यांनी विचारलं. चार वेळा पोरीला विचारायचं राहून गेलं.

पाचव्या वेळी त्यांचा आवाज चढला. “बाई, मी परवा तुमच्या मुलीला फोन केला होता. ती म्हणते, मी वर्षभर आईच्या मागं लागलेय, विकून टाक म्हणून. तुम्हाला विकायचंच नाही. पोह्यांवर बसवून ठेवलंय तुम्ही आम्हाला!”

डॉक्टर मोबाइलमध्ये बघू लागले.

“व्हय,” काकू म्हणाल्या.

त्यांनी नाकारलं असतं तर बरं झालं असतं. त्या दाराला टेकूनच उभ्या होत्या. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “इकली की तुम्ही कशाला येताल?”

तेव्हा कुणीतरी ‘येऊ की’ म्हणायला हवं होतं. एवढे दोनच शब्द. चार बाप्ये बसलो होतो तिथं. प्राध्यापकांनी भिंग खिशात घातलं, चाचांनी काठी उचलली, आणि मी दिव्याची वायर गुंडाळत बसलो.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. काकूंनी पाच जणांचे पोहे केले होते. पितळेच्या टोपीवालं पिस्तूल टीपॉयवर काढून ठेवलेलं, नळी खिडकीकडं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. जिन्यात पावलं वाजली की काकू मान वर करायच्या. पावलं वरच्या मजल्यावर जायची. पोहे गार झाले तसे त्यांनी ते पुन्हा गरम केले. मी दोन ताटल्या खाल्ल्या. दुसरं काय करता येणार होतं?

त्याच्या पुढच्या रविवारी दार उघडं होतं. दिवाणावरची गादी उचलून भिंतीला लावलेली, आणि स्वच्छ चादरीवर ओळीनं तेरा पिस्तुलं.

“आज सगळीच काढा,” काकू म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत तिघांनाही फोन गेले आणि तिघेही पैसे घेऊन आले. वाटणी काकूंनीच केली आणि ती करताना त्या कुठं अडखळल्या नाहीत. शिक्क्यांची प्राध्यापकांना, पितळेची डॉक्टरांना, अक्रोडाच्या लाकडाची चाचांना. जे दोघांना हवं होतं ते कुणाला जावं, हेही त्यांचं ठरलेलं. डॉक्टरांना त्यांनी बजावलं, “घासू नका. ते काळं हाय ना, तेच त्येचं वय हाय.” डॉक्टरांनी मान हलवली, पण अंगठा आधीच पितळेवर फिरत होता.

प्राध्यापकांनी बदामाचा शिक्का डोळ्याला अगदी चिकटवून पाहिला. मग म्हणाले, “मी तसं बोलायला नको होतं.”

“बोललात ते बरं झालं,” काकू म्हणाल्या, “माझ्या तोंडातून निघत नव्हतं.”

चौदावं पिस्तूल कुणी मागितलं नाही आणि काकूंनीही ते दाखवलं नाही.

त्यानंतर प्राध्यापकांचे एक-दोन फोन आले म्हणे. चाचा एकदा सीताफळं घेऊन आले, मी योगायोगानं तिथंच होतो. पाच मिनिटं बसले, रिकाम्या टीपॉयकडं पाहिलं आणि हसत म्हणाले, “अब किसको देखने का अम्मा?” काकूही हसल्या. चाचा पुन्हा आल्याचं मला माहीत नाही.

आणि मी? माझं घर तीन गल्ल्या पलीकडं. एका रविवारी लग्नाची ऑर्डर होती, एका रविवारी पाहुणे होते. मग कामाशिवाय कसं जायचं, असं वाटू लागलं. काम होतं तेव्हा मी कामासाठी जात नव्हतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं. त्या दिवशी काकू फाटकात पाइप धरून उभ्या दिसायच्या. त्यांची टाकी भरलेली असायची, तरी शेजारच्यांचे ड्रम भरून देत असायच्या. एकीचा ड्रम भरेपर्यंत पाच मिनिटं जातात. तेवढ्यात पोराचा निकाल, सासूचं गुडघ्याचं दुखणं, काहीबाही बोलून होतं. मी स्कूटरवरून जाताना त्या पाइपाचा हात वर करायच्या. मी हॉर्न वाजवायचो.

मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली हे मला दूधवाल्याकडून कळलं, तेव्हा आठवडा उलटला होता. चौदाव्या पिस्तुलाचे कागद पुण्यात दाखल करायला पोरीला तीन खेटे घालावे लागले, आणि “भंगारासाठी एवढं!” म्हणून ती वैतागली होती, तेही त्यालाच ठाऊक होतं.

या उन्हाळ्यात एका सकाळी त्या मुलीचा फोन आला. काकू गेल्या होत्या. झोपेतच. ती शांतपणे बोलली, मग म्हणाली, “काका, आईचा एखादा चांगला फोटो असेल ना तुमच्याकडं? पेपरला द्यायचाय. तुम्ही तर दर रविवारी जायचात.”

“असेल की,” मी म्हणालो.

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मी कॉम्प्युटरवर बसलो. त्या सव्वा वर्षाचे फोटो रविवारांप्रमाणं लावून ठेवलेले होते. डावीकडून पिस्तूल, उजवीकडून पिस्तूल, घोडा जवळून, मुठीवर उजेड जास्त, मुठीवर उजेड कमी. मी एकेक फोटो पाहिला. दुपार झाली. काकू एकाही फोटोत नव्हत्या.

एकात फक्त त्यांचे हात होते. फडकं बाजूला घेताना मी बटण दाबलं असणार. बोटं हळदीनं पिवळी, दोन हिरव्या बांगड्या, आणि पदराचा थोडासा काठ. मी तो मुलीला पाठवला. पेपरला उपयोगाचा नाही, हे ठाऊक असूनही.

थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. “हो. आईचेच.”

त्यानंतर मी तो फोटो मोठा करत गेलो. पदराच्या काठाच्या पुढं काहीच नव्हतं. तिथं फोटो संपत होता. कुठं संपवायचा ते मीच ठरवलं होतं.