उठलेला कर्फ्यू

हुबळीतल्या त्या प्रकरणात ना चोरी होती, ना मारामारी. तरीही नोकरीतलं दुसरं कोणतंही प्रकरण मला इतकं सलत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या पोलिसी आदेशात ‘संचारबंदी’ असे, पण लोकांच्या तोंडी कर्फ्यूच. मुलं कर्फ्यू-कर्फ्यू खेळत. नवरा-बायकोचा अबोला झाला की शेजारणी म्हणत, ‘त्यांच्यात कर्फ्यू लागलाय.’

कर्फ्यू उठून आठवडा उलटल्यावर ठाण्यात दूध घालणारा गवळी हसत म्हणाला, “साहेब, दाजीबानपेठेतली एक सून विचारते, आज कर्फ्यूला सूट किती वाजेपर्यंत? मी म्हटलं, अक्का, झोपेत हाय काय? तर सासूनं दारच लावलं. आता दूध सासूच घेते.”

स्टेशन डायरीत नोंद करून मी हवालदारासह गेलो. पुढे कापडाचं दुकान, मागे घर. सासू ठसक्यात म्हणाली, “सुनेला कोंडलंय म्हणता? कडी बघा की, उघडीच हाय.”

खरोखरच उघडी होती. नवरा म्हणाला, तिलाच बाहेर जायला नको वाटतं. मी सुनेला उंबऱ्याबाहेर बोलावलं. ती जागची हलली नाही.

“पास हाय काय साहेब? बिनपासाचं धरतात म्हणे.”

नवऱ्याची मान खाली गेली. मग त्यानं सगळं सांगितलं. सुनेचं माहेर अळणावरजवळच्या खेड्यात. वडील, अप्पा, अंथरुणाला खिळलेले. तिला न्यायला भाऊ दुकानावर येऊन गेला होता. पण घरात नणंदेचा साखरपुडा, कामाला माणूस हवं. म्हणून तिला सांगितलं, कर्फ्यू आहे. आणि भावाला सांगितलं, ती यायला तयार नाही.

भावाला असं सांगितल्याचं ती तेव्हा पहिल्यांदा ऐकत होती. तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, “भावानं अप्पांना तसंच सांगितलं असंल काय?”

तिला त्याच दिवशी हवालदारासोबत माहेरी पाठवलं. आदल्याच दिवशी वडिलांचा अंत्यविधी उरकला होता. तिनं तक्रार दिली नाही. कुलूप नाही, मारहाण नाही, पुरावा काय दाखवणार? प्रकरण नोंदीवरच मिटलं.

कर्फ्यू लावताना आमची जीप भोंगा घेऊन गल्लीगल्लीत फिरे. उठवल्याचं मात्र रेडिओ नि वर्तमानपत्रं सांगत. पुढे माझ्या हद्दीत कर्फ्यू उठला की तीच जीप मी मागच्या बोळांतूनही फिरवायला लावी. शिपाई कुरकुरत, “साहेब, हे कुणाला ठाऊक नाही?”

मी म्हणे, “एखादीला नसेल.”