खुर्चीवर बसलेली डॉक्टर

मंडळी, डायल-अप लागलंय तोवर लिहिते.

इथे बंगळुरात मी प्रोग्रॅमर आहे आणि रविवारी सकाळी मराठी मुलांचा वर्ग घेते. सध्या चित्रांच्या पुस्तकांतून इतिहासातल्या कर्तबगार स्त्रियांची ओळख करून देते आहे. मजकूर कागदाने झाकायचा, फक्त चित्र दाखवायचं आणि काय चाललंय ते मुलांना ओळखायला सांगायचं, अशी माझी पद्धत.

आजच्या चित्रात नऊवारी नेसलेली एक तरुणी खुर्चीवर बसली होती. समोर चार पुरुष होते. ती डॉक्टरकीची तोंडी परीक्षा देत होती.

"बघायला आलेत तिला!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

मी कागद काढला आणि मजकूर वाचून दाखवला. आठ वर्षांची राधा, जिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, कानडीत "सरी, अक्का", म्हणजे "बरं, ताई", म्हणाली, "पण तिनं त्यांना काय विचारलं?"

"परीक्षेत आपण विचारत नाही," मी म्हणाले.

संध्याकाळी मावशीकडे पुण्याचे पाहुणे मला बघायला आले. मुलाचे वडील म्हणाले, "लग्नानंतर हे प्रोग्रॅमिंग सोडावं लागेल हं."

"सोडेल की! त्यात काय एवढं?" मावशीनेच उत्तर दिलं.

मुलगा भला वाटला. म्हणाला, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

मी "नाही" म्हटलं. वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. कप उचलून आत नेले.

निकाल ते फोनवर कळवणार आहेत.

तुमच्यापैकी कुणी त्या खुर्चीवरून समोरच्यांना काही विचारलं होतं का? काय विचारलं होतं?