दोन कानांचा बँडमास्तर

लातूरच्या बसस्टँडसमोर चहाच्या गाड्यावर हा बँडमास्तर रोज दिसतो. डोळे मिटलेले आणि दोन्ही कानांना दोन मोबाइल, दोन्हीवर वेगवेगळी गाणी. मधेच कुणी बोललं की खवळतो, "थांबा हो! आत्ता कुठं जुळायला लागलंय!" मला हे नुसतं याड वाटायचं.

मग निलंग्याला माझ्या भाचीचं लग्न निघालं. बँड त्याचाच होता. नवरदेव सीमेपलीकडचा, कानडी. वरात मांडवाच्या दारात आली आणि अडली. त्यांची पोरं म्हणाली, आमचं कानडी गाणं वाजल्याशिवाय पाऊल उचलणार नाही. आमची म्हणाली, आमच्या दारात मराठीच वाजणार. आतून माईकवर अक्षतांची घाई चाललेली. तेवढ्यात कुणीतरी कुणाची तरी कॉलर धरली.

मास्तरनं डोळे मिटले. क्लॅरिनेटवाल्याला कानडी गाणं दिलं, मराठी स्वतःच्या ट्रंपेटवर घेतलं. आधी दोन्ही सूर एकमेकांवर नुसते धडकले. मग हलगी कडाडली आणि दोन्ही गाणी एकाच ठेक्यावर अशी पळायला लागली, की माझ्या अंगावर काटा आला! कॉलर धरलेला हात सुटून हवेत गेला. वरात नाचत नाचत आत शिरली.

नवरदेवाच्या वडिलांनी घामाघूम होऊन मला मिठी मारली. "बघा मामा, शेवटी आमचंच वाजलं की!"

मीही नेमकं हेच म्हणणार होतो. पण ट्रंपेट न सोडता मास्तरनं मला डोळ्यानंच दटावलं, चहाच्या गाड्यावर दटावतो तसं.

मी गप नाचत राहिलो.