पडली तर उचलता येईल अशी गाडी

माझं वजन तेव्हा अठ्ठ्याण्णव किलो होतं आणि उंची पाच फूट नऊ इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण या हकिकतीत जो कोणी येतो तो सगळ्यात आधी हेच बघतो.

मी कृषी सहायक होते. घर यवतमाळात, नेमणूक मुकुटबनकडच्या सहा गावांवर, राहायला तिथेच भाड्याची खोली. कापसाची वाईट वर्षं होती ती. भाव पडलेला, बोंडअळी लागलेली आणि आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात पहिल्या पानावर. कुठून ना कुठून पाहणी करणारी मंडळी यायची. त्यांना माहिती हवी असायची. ती आमच्या साहेबांकडे नसायची, म्हणून आणायला मी जायचे. एसटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मधलं सगळं पायी.

कधीकधी एक ग्रामसेवक मला आपल्या मोटारसायकलवर मागे घ्यायचे. भला माणूस. फक्त चढ आला की गाडी थांबवून म्हणायचे, "मॅडम, जरा उतरता का?" मी उतरायचे. ते वर जाऊन थांबायचे. मी चढून जायचे आणि पुन्हा बसायचे. आमच्या भागात चढ बरेच आहेत. त्या उन्हाळ्यात त्यांच्या गाडीचा मागचा शॉकअप गेला. मला एकटीला गाठून ते काही बोलले नाहीत. ऑफिसात, सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता स्वतःची गाडी घेऊन टाका. पण मोठी घ्या."

सगळे हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि ठरवलं, की घ्यायची.

घरी सांगितल्यावर बाबांनी विरोध केला नाही. ते एका सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे विरोध करण्यासारखं काही येतच नव्हतं. त्यांनी एक मोठा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि सहा गाड्यांचा तुलनात्मक तक्ता केला. त्यात एक रकाना "चालकाचा बांधा" असा होता. त्या रकान्यात त्यांनी काही लिहिलं नाही, पण रकाना मोठा ठेवला.

"साडेतीनशे सीसीची घे," बाबा म्हणाले. "लहान गाडी तुझ्याखाली दिसायचीच नाही."

आईचंही मत मोठ्या गाडीला होतं, पण कारण वेगळं. माझं लग्न व्हायचं होतं. "मोठ्या गाडीवर तू जरा नाजूक दिसशील," ती म्हणाली.

गाडी कुणालाच चालवता येत नव्हती. बाबांनी हयातभर मोपेड चालवली होती, आईने तीही नाही. मला सायकल यायची. एवढ्या अनुभवावर आम्ही तिघं तीन दिवस इंजिनांवर चर्चा करत होतो.

शोरूममध्ये विक्रेता बाबांशीच बोलला. "काका, मुलासाठी बघताय का?"

"मुलीसाठी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग स्कूटर दाखवली. मी बसले. गुडघे हँडलला लागत होते, त्यामुळे गाडी फक्त सरळ जाऊ शकली असती. शिवाय चाकं लहान. आमच्या गावांकडच्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर बैलगाडीचं चाक फसतं, तिथे या चाकांचं काय चाललं असतं. मी उतरले. मग तो आम्हाला थेट सगळ्यात मोठ्या गाडीकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "मॅडमच्या पर्सनॅलिटीला हीच."

मी बसले. खरं सांगायचं तर छान वाटलं. आरशात मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी मापाची दिसत होते. पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. माझी गावं लांब, रस्ते ओस. मी शिकाऊ. म्हणजे मी पडणार, हे नक्की होतं. प्रश्न फक्त पुढचा होता.

"ही आडवी करून दाखवता का?" मी विचारलं.

"आडवी म्हणजे?"

"जमिनीवर पाडा. मला उचलून बघायची आहे."

विक्रेता मॅनेजरला बोलावून घेऊन आला. मॅनेजरने हे ऐकलं आणि नवीन गाडी पाडता येणार नाही असं सांगितलं, ते बरोबरच होतं. बाबा मात्र ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस. कुठलंही काम नियमात बसवायची त्यांना सवय होती. "जुन्या असतील ना मागे?" ते म्हणाले.

मागच्या अंगणात सर्व्हिसिंगची जागा होती. तिथे एक म्हातारा मेकॅनिक होता. आम्हाला काय हवंय ते त्याला सांगितलं. त्याने काही न विचारता दोन रिकामी पोती अंथरली, मोठी गाडी त्यांवर अलगद आडवी केली आणि बाजूला झाला. मी हँडल धरलं आणि ओढलं. गाडी अर्ध्यावर आली. तिथे आम्ही दोघी थोडा वेळ थांबलो. मग ती खाली गेली आणि तिच्याबरोबर मीही बरीचशी गेले. मधल्या मापाची गाडी तिसऱ्या झटक्याला उठली, माझ्या दोन बांगड्या फुटल्या. शेवटी त्याने शंभर सीसीची आडवी केली. सगळ्यात साधी, सगळ्यात बारकी, नवशिक्यांना देतात ती. ती मी एका दमात उचलली आणि स्टँडवर लावली.

"ही," मी म्हणाले.

विक्रेत्याला वाईट वाटलेलं दिसलं. "पण मॅडम, वजन..."

मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "कायले घाबरता? खेड्यायनं या गाडीवर तीन मानसं बसते अन् वरतून एक बकरी. त्या परीस मॅडम एकट्याच हायेत. गाडीले आरामच."

माझ्या वजनाचा हिशेब इतक्या सभ्यपणे कुणी केला नव्हता. मग त्याने मागचे शॉकअप शेवटच्या खाचेवर कडक केले, मागच्या चाकात हवा थोडी जास्त भरली आणि सांगितलं, की थांबायला तुम्हाला इतरांपेक्षा जास्त जागा लागेल, तेव्हा ब्रेक आधीपासून दाबायला लागा. पुढचा मडगार्डही त्याने थोडा वर उचलून बसवला. "काळ्या मातीत चाक जाम होते," तो म्हणाला. गाडी पसंत करायला तीन दिवस आणि तक्ता लागला होता. कामाच्या गोष्टी त्याने दहा मिनिटांत सांगितल्या.

शिकले मी एका जिनिंगच्या आवारात. कापूस यायला तीन-चार महिने होते, आवार रिकामं. बाबा गाडीसोबत आलेलं पुस्तक हातात घेऊन उभे राहिले आणि सरकारी पत्र वाचावं तसं वाचू लागले. "क्लच हळुवार सोडावा." हळुवार म्हणजे किती, हे पुस्तकात दिलेलं नव्हतं. मी सोडला. गाडी आवार ओलांडून मागच्या वर्षीच्या सरकीच्या ढिगात घुसली आणि बंद पडली. सरकी मऊ असते. बाबा पुस्तक चाळत चाळत आले.

"लागलं का?"

"नाही."

"मग परिच्छेद दोनपासून पुन्हा."

दहा दिवसांत मी शिकले. अकराव्या दिवशी बाबांनी आपणहून मागे बसायची तयारी दाखवली. आर्णी रोडवर थोडं गेल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते घाबरले होते की त्यांना बरं वाटत होतं, ते मी विचारलं नाही.

मुकुटबनला पहिल्या दिवशी चहाच्या टपरीवरून गेले तेव्हा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "मॅडम चालून राह्यल्या दिसते, पन गाडी कुठं हाये?" मी थांबले, उतरले आणि त्यांना गाडी दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली, किक मारून पाहिली आणि चहा पाजला. त्यानंतर त्या टपरीवर हा विषय निघाला नाही.

आता मी रोज गावात जाऊ लागले. पूर्वी रस्त्यालगतची शेतं पाहून परत यायचे, आता आतली पाहू लागले. अशीच एक बाई मला भेटली. चार एकर कापूस आणि तूर, घरात एक मुलगी. नवरा आदल्या वर्षी गेला होता. कसा गेला, हे आमच्याकडे त्या वर्षांत विचारत नसत. तिच्याकडेही पाहणी करणारे येऊन गेले होते. त्यांनी फोटो काढले, ती तोवर हातातलं खुरपं धरून उभी होती. मी गेले तेव्हा तिने फोटोसाठी पदर नीट केला. मी म्हणाले, "अहो, मी फक्त बोंडअळी पाहायला आले." तेव्हा ती पहिल्यांदा मोकळं बोलली. "पाहा मंग. लय हाये."

मी तिच्याकडे बऱ्याचदा गेले. दर वेळी भेटवहीत लिहायचे: शेतात कोण हजर, पिकाची अवस्था, काय सल्ला दिला.

एका सकाळी मी तिच्या गावात पोचले तर ती एसटी स्टँडवर चांगली साडी नेसून उभी. त्या दिवशी तालुक्याच्या गावी, झरीला, तिची सुनावणी होती. नवऱ्याच्या शेतावर वारस म्हणून तिचं नाव चढायचं होतं आणि दिराने हरकत घेतली होती, की ही माहेरी राहते, शेत मीच कसतो. सुनावणी अकराला. एसटी आलीच नव्हती.

"बसा," मी म्हणाले.

तिने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, राग नका मानू. पेलन का हे आपल्या दोघींले?"

"तीन माणसं आणि एक बकरी पेलते."

"बकरी कोनाची?" तिने विचारलं आणि बसली.

रात्री पाऊस झाला होता. अर्ध्या वाटेत चाकं मातीने भरली आणि गाडी हळूच, अगदी सावकाश, आडवी झाली. आम्ही दोघीही तिच्या बाजूला बसलो. कुणाला काही लागलं नाही. मी गाडी उचलली, तिने बाभळीची काडी मोडून चाकातली माती खरवडली. एकमेकींकडे पाहायचं आम्ही टाळलं, कारण हसू आलं असतं आणि वेळ नव्हता. पुढे नाल्यावर घोट्याएवढं पाणी वाहत होतं. पलीकडून आलेला एक हलका माणूस आपली गाडी ढकलत आणत होता आणि पाणी तिला बाजूला ओढत होतं. मी पहिल्या गिअरमध्ये सरळ घातली. गाडी जराही बाजूला सरकली नाही. मागून आवाज आला, "तुमच्या वजनानं निभलं बरं, मॅडम." मी आयुष्यात या विषयावर जे काही ऐकलं आहे, त्यात हे वाक्य मला अजून पाठ आहे.

आम्ही सव्वाअकराला पोचलो. दीर स्वच्छ पांढऱ्या शर्टात बसला होता. मंडळ अधिकाऱ्यांनी आम्हा दोघींना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि खुर्च्यांवर वर्तमानपत्र टाकायला सांगितलं. दिराने आपलं सांगितलं. मग अधिकारी तिला म्हणाले, "तुम्ही शेत कसता याला काही पुरावा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. पुरावा म्हणजे काय आणायचा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पिशवीतून भेटवही काढली. वरून चिखल, आत कोरडी. अधिकाऱ्यांनी पानं उलटली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. प्रत्येक ठिकाणी शेतात हजर म्हणून तिचं नाव, शेजारी तिची सही. दिराचं नाव कुठेच नव्हतं.

"तुम्ही एवढ्या वेळा आत शेतात गेलात?" त्यांनी मला विचारलं. त्यांना हे जास्त अविश्वसनीय वाटत होतं.

"हो. गाडी आहे."

दीर म्हणाला, "मॅडमले काय मालूम, घरच्या गोष्टी..."

"घरचं नाही विचारलं," अधिकारी म्हणाले. "शेताचं विचारलं."

नोंद तिच्या आणि मुलीच्या नावाने मंजूर झाली. कागद हातात यायला आणखी काही दिवस गेले, पण झाली. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि बराच वेळ साडीवरचा वाळलेला चिखल नखाने काढत राहिली. मी शेजारी बसले. तिला रडायचं असेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "मले बी शिकवा हे."

"काय?"

"गाडी. तिची वाट पाहू कायले, एसटीची?"

तूर निघाल्यावर मोकळ्या शेतात मी तिला शिकवू लागले. तिची अडचण माझ्या उलट होती. ती एवढी हलकी, की किक खाली जाईना. दोन्ही पाय किकवर ठेवून तिने उडी मारली, तरी किक तिला घेऊन वर आली. शेवटी आम्ही गाडी उतारावर लावून सुरू करायचो. तिची मुलगी बांधावर बसून आईला सूचना द्यायची, त्यातल्या बहुतेक बरोबर असायच्या. महिन्याभरात ती पांदणीच्या कच्च्या वाटेने गावापर्यंत जाऊ लागली. पुढच्या वर्षी तिने कुणाचीतरी वापरलेली, माझ्यासारखीच गाडी घेतली. बाजाराच्या दिवशी ती मुलीला मागे बसवून मुकुटबनला यायची, डोक्यावरचा पदर दातात धरून. दीर तिच्याशी बोलत नसे. ती म्हणायची, तेवढीच शांतता.

कापसाचं मात्र पुढची दोन वर्षंही काही बरं झालं नाही. मी अळीची माहिती आणत राहिले आणि वर पाठवत राहिले.

मग माझी उमरखेडकडच्या ढाणकीला बदली झाली. माझं लग्नही ठरलं होतं. मुलाकडच्यांनी गाडीबद्दल विचारलं, तेव्हा आईने आधी ती बाबांची आहे असं सांगितलं आणि बाबांनी तिथल्या तिथे ते खोडून काढलं. निघायच्या सकाळी ती शेतकरीण पायलीभर तूरडाळ घेऊन माझ्या खोलीवर आली. मी नको म्हणत होते, तोवर तिने पिशवी कॅरिअरला बांधली, दोरी दोनदा ओढून पाहिली आणि मागे सरकली.

"उमरखेडच्या रस्त्यानं सांभाळून जा," ती म्हणाली. "गाई बसून राह्यते मधात. हॉर्न वाजवला तरी उठत नाई."