कानसलेली खाच

अणदूरच्या बसस्टँडमागं रेवणप्पाचं दुकान आहे. पाटी अजून 'रेडिओ-टीव्ही दुरुस्ती'चीच; खाली कुणीतरी नंतर ऑइलपेंटनं 'कॉम्प्युटर' एवढं वाढवलेलं. या दुकानाची एक रीत होती. दुरुस्त झालेली वस्तू बाहेर पडायच्या आधी रेवणप्पा वहीच्या कागदाची चिठ्ठी करायचा. काय बिघडलं, कशामुळं बिघडलं, काय बदललं, तारीख आणि खाली सही. ती चिठ्ठी वस्तूच्या आतल्या अंगाला चिकटवायचा. गिऱ्हाइकाला ती दिसायचीही नाही. "पुढं जो उघडंल त्याला कळावं," एवढंच म्हणायचा. पस्तीस वर्षांत त्या चिठ्ठीत खोटं आलं नव्हतं.

दुसरी रीत कानशीची. खेड्यात हवा तो भाग कधी मिळत नाही. मिक्सरचं कपलिंग असो, टेपचं चाक असो, नाहीतर पंख्याचं बुश असो, जे मिळेल ते आणायचं आणि कानस मारून बसवायचं. हाताला तशी सवयच झाली होती. 'बसत नसंल तर रेवणप्पाकडं न्या,' असं गावात बोललं जायचं, आणि ते ऐकलं की त्याला मनातून बरं वाटायचं.

खंडोबाची यात्रा पंधरा दिवसांवर आली तेव्हा प्रतीक्षा तिचा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून घेऊन आली. ही त्याच्या जुन्या ओळखीच्या सिताबाईंची सून; सासूला ती आत्या म्हणायची. नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ असायचा; ही घरी बसून लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइनं करायची.

"काका, मोठा फ्लेक्स उघडला की हे बसतंयच. म्हसरावाणी. उठवलं तरी उठत न्हाय."

"रॅम कमी पडतीया," रेवणप्पा म्हणाला.

"तीच वाढवा. पण जुन्यातली घालायची का नवीन? लोकं म्हणतेत, नवीन लई फास्ट असती."

"बघतो मी," तो म्हणाला. खरं तर त्याला ठाऊक नव्हतं. आजवर त्यानं जशी निघाली तशीच आणून घातली होती. जुन्या-नव्याचा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

कुठलाही भाग आणायचा तर नमुना सोबत न्यायचा, हे तो जाणून होता. त्यानं जुनी रॅम काढली, पेपरच्या तुकड्यात गुंडाळली, सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली आणि सोलापूरची गाडी धरली.

तिथल्या दुकानात कॉलेजची दोन पोरं उभी होती. कसले कसले आकडे फडाफडा बोलत होती. दुकानदारानं त्यांच्या डोक्यावरून विचारलं, "बोला आप्पा, काय देऊ?"

"रॅम."

"डीडीआर थ्री का फोर?"

रेवणप्पाचा हात खिशाकडं गेला. कागद काढून पुढं ठेवला असता तर दुकानदारानं एका नजरेत सांगितलं असतं. पण पोरं वळून बघायला लागली होती. या पिकल्या केसांनी पेपरात गुंडाळलेला तुकडा दाखवायचा आणि 'हे कुठलं, सांगा' म्हणायचं? हात खिशावरून परत फिरला.

"फोर," तो म्हणाला. "नवीनच बरी."

आपल्या दुकानात परत येऊन त्यानं कॅबिनेट उघडलं आणि नवी रॅम लावून बघितली. लांबी तेवढीच. पण खालच्या काठाला जी खाच असते ती थोडी सरकलेली होती. मदरबोर्डावरचा खुंट एकीकडं, खाच दुसरीकडं. त्यानं उलटी करून पाहिली. तरी बसेना.

खिशात जुनी रॅम तशीच होती. ती काढून शेजारी धरायला हवी होती, तिथंच थांबायला हवं होतं. पण पुन्हा सोलापूरला जायचं आणि त्याच माणसाला 'चुकलं' म्हणायचं, याची त्याला काम बिघडण्यापेक्षा जास्त धास्ती वाटली. त्यानं बारीक कानस उचलली. अर्ध्या तासात खाच हवी तिथपर्यंत वाढवली, फुंकर मारली, दोन्ही अंगठ्यांनी जोर देऊन रॅम बसवली. कट्ट आवाज झाला. त्याला वाटलं, झालं.

बटण दाबताच आत चर्रर्र झालं आणि निळसर धूर वर आला. तो वास त्याच्या ओळखीचा होता. लोकांच्या चुकांचा वास म्हणून तो आजवर ओळखायचा.

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा आली. खरं सांगायचं, असं ठरवून तो सकाळपासून बसला होता.

"बोर्ड गेला," तो म्हणाला.

"आँ? आपोआप?"

"लाइटीचं... कमीजास्त झालं असंल कधीतरी."

प्रतीक्षा कपाळाला हात लावून स्टुलावर बसली. "आमच्या आत्यांची गिरणी, काका. घरची, पिठाची. त्याच लाइनीवर हाय. ती लावली की दिवा लुकलुकतोय. त्यानंच गेलं असंल का वं?"

एवढं सोपं कारण त्याच्या पुढ्यात आयतं येऊन पडलं होतं.

"व्हय," रेवणप्पा म्हणाला. "तसंच असंल."

तो पुन्हा सोलापूरला गेला. या खेपेला पेपरची पुडी सोडून गल्ल्यावर ठेवली. दुकानदारानं जुन्या रॅमकडं नुसतं पाहिलं. "ही थ्री. आधी फोर नेली होती ना तुम्ही?"

"ती दुसऱ्या मशीनची."

"बघा बरं का. बोर्ड मागंल तीच द्यायची. नवी चांगली म्हणून जुन्या बोर्डात चालत नाही. चुकून कुणी घालू नये म्हणून तर मुद्दाम खाच सरकवलीय. आता बसतच नाही म्हटल्यावर कुठला शहाणा ठोकून बसवंल?" आणि तो हसला. रेवणप्पाही हसला. ते हसू त्याला एसटीत नळदुर्ग येईपर्यंत चावत राहिलं.

त्याच दुकानातून त्यानं जुन्या जातीचा एक वापरलेला बोर्ड आणला होता, आणि थ्रीच्या दोन रॅम. मशीन सुरू झालं, चांगलं पळू लागलं. मग चिठ्ठी करायला बसला. 'बोर्ड बदलला' लिहिलं. पुढं 'कारण' लिहून पेन थांबला. बऱ्याच वेळानं त्यानं लिहिलं, 'लाइटीचा झटका.' आणि सही केली.

त्यानं पैसे काही घेतले नाहीत. प्रतीक्षा सगळ्या गल्लीत सांगत सुटली, "काकांसारखा माणूस न्हाय." लोक दुकानासमोरून जाताना तेच ऐकवायचे, आणि तो खाली मान घालून उगाच एखादा स्क्रू शोधायचा.

यात्रा झाली. दोन महिने गेले. एका दुपारी ऊन मी म्हणत असताना त्याला रस्त्यानं सिताबाई येताना दिसल्या. डोक्यावर पिठाचा डबा, एक हात मानेमागं.

"वयनी, हे कुठून?" त्यानं विचारलं. "घरी गिरणी हाय की."

सिताबाई थांबल्या. "ती झाकून ठिवलीया. म्या हातच लावत न्हाय आता. माझ्या दळणापायी लेकराचं मशीन जळलं न्हव का. सुनंनं कमवून मला गिरणी घेतली आन् म्या तिच्याच पोटावर पाय दिला." त्या थोडं हसल्या. "लाज वाटती बघा, आप्पा."

त्यांना लाज वाटत होती. डबा घ्यायला रेवणप्पानं हात पुढं केला, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, तुमी आधीच लई केलंय," आणि चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेचकस आणि एक कोरा कागद घेऊन तो त्यांच्या घरी गेला. प्रतीक्षानं चहा ठेवते म्हटलं, त्यानं मानेनंच नको सांगितलं. कॅबिनेट उघडलं. खिशातून एक तुकडा काढून टेबलावर ठेवला. कानसलेली, काठ काळा पडलेली रॅम. मग उभ्या उभ्या कागदावर लिहिलं आणि कागद तिच्या हातात दिला.

"मोठ्यानं वाच," तो म्हणाला. "वयनींना ऐकू जाऊ दे."

प्रतीक्षानं वाचलं. "चुकीच्या जातीची रॅम कानस मारून बसवली. त्यानं बोर्ड जळला. गिरणीचा संबंध नाही. चूक रेवणप्पाची."

चुलीपाशी बसलेल्या सिताबाई हळूहळू उठल्या. प्रतीक्षा त्या तुकड्याच्या खाचेवरून बोट फिरवत होती.

"मग मी इचारलं तवा तुमी व्हय कामून म्हणलाव?"

"तू इचारलंस म्हणून," तो म्हणाला.

"दोन महिनं डबा वाहून मान धरली माझी," सिताबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पस्तीस वर्सं वळखते तुमाला."

रेवणप्पानं आत हात घातला आणि जुनी चिठ्ठी नखानं सोलू लागला. प्रतीक्षानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. दोन्ही ऱ्हाऊ द्या. पुढं जो उघडंल त्याला कळावं."

तिनं नवी चिठ्ठी जुनीच्या खाली स्वतः चिकटवली. त्यानं झाकण लावलं. चार स्क्रू बसवायला त्याला कधी नव्हे इतका वेळ लागला. मग कॉम्प्युटर चालू केला.

तोवर सिताबाईंनी कोपऱ्यातल्या गिरणीवरचं फडकं काढलं होतं. सुपातली ज्वारी त्यात ओतली. बटणापर्यंत गेलेला हात मात्र थांबला. दोन महिन्यांची भीती अशी एका वाचण्यानं जात नाही.

"तुमीच दाबा," त्या म्हणाल्या.

रेवणप्पानं बटण दाबलं. वरचा दिवा एकदा लुकलुकला आणि स्थिर झाला. कॉम्प्युटर चालूच राहिला. गिरणीचा आवाज घरभर झाला. त्या आवाजात त्यानं हात जोडून काहीतरी म्हटलं, पण कुणी वळून पाहिलं नाही. तो तसाच, पायात चपला घालून, हळू बाहेर पडला.