पाठीच्या फोटोतला काळा डाग

समस्त पंचक्रोशीस, लहानांस, थोरांस आणि ज्यांनी आजवर आम्हाला ढोंगी म्हटले त्यांस विशेषकरून कळविण्यात येते की, आमच्या पाठीचा फोटो निघाला आहे. फोटो उजेडासमोर धरूनच पाहावा. येताना हात पुसून यावे.

अशी दवंडी मी खरोखर दिली नाही. पण चांद्याहून परतताना, वडशाला छोट्या रेल्वेतून उतरून बैलगाडीत धानाच्या तणसावर उताणा पडलो, तेव्हा मनातल्या मनात ती पुरी पाठ केली होती. कारण माझ्या कमरेच्या दुखण्यावर आजपर्यंत कोणाचा विश्वास नव्हता. आरमोरीजवळच्या आमच्या गावात धान निघालं की नाटक होतं, आणि राजा मीच असतो. शेवटच्या अंकात तलवार लागून मी असा कोसळतो की समोरच्या बाया पदर तोंडात घालतात. अशा माणसानं शेताच्या बांधीतून परतताना कमरेवर हात ठेवून ‘आई गं’ म्हटलं, तर कोण मानणार? बायको म्हणायची, “पडदा पडला जी, उठा आता.”

मग कळ डाव्या पायात उतरली. बसलो की उठता येईना, उठलो की बसवेना. तेव्हा चांद्याच्या डॉक्टरांनी हा आतल्या हाडांचा फोटो काढला, खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणाले, “नागपूरच्या हाडांच्या सर्जनला दाखवा. कापायचं की नाही, ते ठरवतील.” सर्जन परगावी गेलेले होते. भेट महिन्यानंतरची मिळाली.

पहिले काही दिवस माझ्यासारखा सुखी माणूस तालुक्यात नसेल. ओसरीवर खाट टाकून मी पडलेला, आणि उशाशी फोटो. जो येईल त्याला मी तो स्वतःच्या हातांनी वर धरून दाखवायचो. “ह्या बरगड्या. हे मणके. मोजून पाहा, एकही चोरीला गेला नाही.” लोक मान हलवायचे. ढोंगाचा आरोप मागे घेतला गेला. मी त्यांना उदारपणे क्षमा केली.

घात केला शाळेच्या मास्तरांनी. त्यांनी चष्मा पुसला, फोटो सूर्यासमोर धरला. मग कमरेच्या मणक्यांच्या बाजूला, सुपारीएवढ्या काळ्या डागावर बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

“तुम्हीच सांगा, मास्तर.”

“बाकीचं हाड पांढरं आहे. मग इथे काळं का? इथलं हाड खाल्लं गेलंय.”

शेजारचा ढिवर टोपलीत मासोळ्या घेऊन चालला होता. तोही वाकला. “मासोळीच्या काट्यापाशी असं काळं दिसलं, तं आमी ते इकत नाई, भाऊ. फेकून देतो.”

“मले फेकून देतोस का रे?”

“तसं नाई म्हणत मी. पण काळं हाये खरं.”

बायको दारात उभी होती. तिच्या माहेरी एकाची पाठ कापली होती, तो पुढे खाटेवरून उठला नाही. ती आत गेली आणि माझ्यासाठी दूध तापवून घेऊन आली. आमच्या घरात न मागता दूध मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्या दिवसापासून घराचा आवाजच गेला. ती चिडेना. मी लोटा लवंडला तरी “राहू द्या जी” म्हणायची. भात मऊ करायची, पायाला तेल लावायची आणि लावताना माझ्याकडे पाहायची नाही. खरं सांगतो, काळ्या डागापेक्षा त्या गोड बोलण्याचीच मला जास्त भीती वाटली. मी कापला जाणार, हे तिच्या मनात ठरून गेलं होतं.

लोक येतच होते. आता मी फोटो धरत नव्हतो, ते आपणच उचलायचे. डाग कालच्यापेक्षा मोठा दिसतो, असंही एकजण म्हणाला. फोटोतला डाग कसा वाढेल, हे विचारायचं त्राण मला नव्हतं. दुखणं पाय ओढत होतं, आणि दिवसभर तेच तेच सांगून जीभही थकली होती. नाटकवाल्यांनी येऊन, फार आदबीनं, मुकुट मागून नेला. मी तोंड भिंतीकडे केलं.

नागपूरच्या प्रवासाबद्दल काय सांगू? नागभीडला गाडी बदलली, एवढंच धडपणे आठवतं. मी बाकावर आडवा, बायको खाली बसलेली, आणि फोटो तिच्या मांडीवर, पालथा.

सर्जनांनी फोटो घेतला, टेबलावर ठेवला आणि मलाच आडवं केलं. पाय सरळ ठेवून वर उचलले. गुडघ्यावर लहानसा हातोडा मारला. तळव्याला सुई टोचून विचारलं, “कळतंय?” मी असा ओरडलो की बाहेरच्या रांगेलाही कळलं. मगच त्यांनी फोटो दिव्यापुढे लावला.

“तो काळा डाग, साहेब,” मी म्हणालो.

“ही आतड्यातली हवा आहे.”

“हवा?”

“पोटात प्रत्येकाच्या असते. फोटोत काळी दिसते. हे इकडे पाहा.” त्यांनी पेन्सिलीनं अगदी खालची फट दाखवली. “मणक्यांमध्ये गादी असते. ती फोटोत उमटत नाही, फटीवरून तिचा अंदाज करायचा. ही गादी झिजली आहे, म्हणून पाय दुखतो. तुमच्या वयाच्या पुष्कळांची झिजते. मी नुसत्या फोटोवरून कापत नाही, माणूस पाहून कापतो. तुमच्या पायात ताकद आहे. फळीवर झोपा, पट्टा बांधा, ओझं उचलू नका. कापायचं काही कारण नाही.”

मला हसू यायला हवं होतं. पण इतका थकवा आला की तिथेच झोपावंसं वाटलं. तरी विचारून घेतलं, “साहेब, पडलं तर चालेल?”

“कुठून?”

“मंचावर. मरताना.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मरायचंच असेल तर खुर्चीत बसून मरा.”

बायको इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. डोक्यावरचा पदर खाली आलेला तिला कळला नव्हता. एकदम दोन पावलं पुढे येऊन ती सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी बोलली, “डॉक्टरसाहेब, मंग आता ह्यायले शिव्या देल्या तं चालते नं?”