झुंबरलाल शेठ लाहेला येतात

आमचा तमाशाचा फड दर हिवाळ्यात तळोद्याहून वर डोंगरात जायचा. पायथ्याला जीप सोडायची, पेटारे डोक्यावर घ्यायचे आणि नदीकाठानं चालत खडकीपाडा गाठायचा. पाड्यात सगळी पावरा मंडळी आणि मारवाड्याचं एकच घर, झुंबरलाल शेठचं. त्याच्या दुकानात मीठ, गूळ, रॉकेल, कापड आणि सल्ला एवढा माल मिळे. बाकीचा मागावा लागे, सल्ला आपोआप मिळे.

आमचा खेळ त्याच्या ओट्यासमोर व्हायचा, कारण पेट्रोमॅक्स बत्ती त्याची. तो सर्वांत पुढे खुर्ची टाकून बसे आणि खेळ ऐन रंगात असताना ओरडे, "मावशी, जराशी बाजूले व्हय, राजा दखास नई!" मी फडात मावशीचं काम करायचो. पुष्कळ गावांचे पुष्कळ प्रेक्षक पाहिले, शिट्ट्या खाल्ल्या, एकदा वांगंही खाल्लं. पण खुर्चीवरून फड चालवणारा माणूस हा एकच. देव त्याला स्वर्गातही पुढची खुर्ची देवो. तिथल्या अप्सरांचे हाल मला इथून दिसताहेत.

पाड्यातली घरं टेकाडांवर विखुरलेली होती. सागाचे खांब, बांबूचा कूड, वरून शेणमातीचा लेप. झुंबरलालचं घर मात्र विटांचं, वर पत्रा, आणि तेही नदीच्या वळणावर, सपाट जागा बघून बांधलेलं. कुठे बांधावं हे त्यानं कोणाला विचारलं नाही. सल्ला देणाऱ्यानं सल्ला घ्यायचा नसतो, असा त्याचा बाणा.

पाड्याचा कारभारी धनसिंग पावरा दुकानात आला की शेठ म्हणे, "धनसिंग, तुन्हं घर म्हणजे घर नई रे, टोपलं शे टोपलं!"

धनसिंग गुळाचा खडा तोंडात टाकी आणि हसे. त्याच्यापाशी वेळ होता.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात पुण्याला पूर आला, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्याच पावसाळ्यात खडकीपाड्यालाही आला, पण वर्तमानपत्रांत जागा उरली नव्हती. मीही तेव्हा तिथे नव्हतो. पावसाळ्यात फड आपापल्या घरी असतो. पुढचं सगळं मला शेठची बायको नोजीबाई हिनं सांगितलं. झुंबरलालनं त्यातलं बरंचसं खोडून काढलं, म्हणून ते खरं असावं.

भर दुपारी नदी आली. मुळासकट झाडं घेऊन आली. खालच्या अंगाच्या घरांच्या कुडांची माती धुऊन गेली, कणग्या फुटून वर्षाचं धान्य वाहिलं, गोठ्यातली जनावरं दाव्यासकट गेली. झुंबरलालच्या विटांनी मात्र दम धरला. शेठ आणि शेठाणी पत्र्यावर चढले, आणि मग मागची भिंत बसली. धनसिंग आणि चार गडी कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले. पत्र्यावरून शेठ हात नाचवत होता, "तठून नको! डावीकडथून या! दोर आखडा!"

"शेठ," धनसिंग खालून ओरडला, "तू आते तोंड बंद कर, नई तं तुले तठेच ठी देसू!"

नोजीबाई परपुरुषाच्या खांद्यावर बसायला तयार नव्हती. तेवढ्यात पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला एक साप चढला, आणि ती पदर सावरायचं विसरून धनसिंगच्या खांद्यावर बसली. शेठ आला सर्वांत शेवटी. त्याचा एक जोडा राहिला होता आणि तो कोणी आणावा, याबद्दल त्याचं मत होतं.

माणसं वाचली. बाकी बरंच गेलं. पाणी ओसरल्यावर सरकारी पाहणी आली; म्हणजे पायथ्यापर्यंत आली. तिथे रस्ता संपतो, म्हणून पूरही तिथेच संपला असावा असं ठरवून साहेबांनी दुर्बिणीतून डोंगराची विचारपूस केली. घोंगड्या वाटल्या त्याही तिथेच, रस्त्याला लागून असलेल्या, न भिजलेल्या गावात.

पाडा साहेबांची वाट बघत बसला नाही. तिथे लाह बोलवायची रीत आहे. ज्याचं घर उभं करायचं तो सगळ्यांना हाक घालतो, सगळे येतात, दिवसभर राबतात, आणि घरधनी पोटभर जेवू घालतो. आज तुझं, उद्या माझं. मजुरीचं नाव काढायचं नाही. घरं एकामागून एक उभी राहू लागली. शेठ आणि शेठाणी धनसिंगच्या पडवीत राहत होते, आणि झुंबरलाल प्रत्येक लाहेला न चुकता हजर असे. एका पायात जोडा, हातात छत्री. चिखलात मधोमध उभा राहून सांगे, "खांब वाकडा शे! गारा पातळ व्हई गया!" खांब सरळ असे. जेवणाच्या वेळी बोकड असला की तेवढा तो बाजूला होई, जैन माणूस.

इतक्यात तळोद्याहून थोरल्या भावाचा, हस्तीमलचा निरोप आला. "डोंगर सोड. शनिवारी गाडी घेऊन येतो. माझ्या दुकानात ओट्यावर बसायला जागा देईन."

या निरोपानं शेठची झोप उडाली. हस्तीमलच्या ओट्याचा जाच सोसवेना म्हणूनच तो तरुणपणी डोंगर चढला होता. पुन्हा तिथे बसायचं म्हणजे आल्यागेल्याला पाणी द्यायचं आणि मरेपर्यंत थोरल्याचा सल्ला ऐकायचा. शनिवारच्या आत स्वतःचं छप्पर उभं राहिलं तरच तो इथे राहू शकणार होता. म्हणून त्यानं लाह बोलावली. घरोघर जाऊन हाक घातली. नोजीबाईनं पडक्या घरापाशी चूल मांडून पहाटेपासून बट्ट्या भाजल्या, वरणाला फोडणी दिली, चुरमा केला.

कोणी आलं नाही. दुपार टळली. बट्ट्या दगडासारख्या झाल्या.

झुंबरलाल तणतणत धनसिंगकडे गेला. "बोकड नई म्हणीसन का? दारू नई म्हणीसन? मी जैन शे, माले ते जमाव नई!"

"बोकडनं काय शे, शेठ. तू कोणानी लाहले उना?"

"मी? मी समदासनी लाहले उनू! रोज उनू!"

"तुन्हं तोंड उनं," धनसिंग म्हणाला. "हात घरीच ऱ्हाई गयात."

"चातुर्मास शे, भाऊ. चिखलमा जीवजंतू ऱ्हातस."

"मंग त्याच चिखलमा उभा ऱ्हाईसन हुकूम कसा सोडस?"

शेठनं छत्री उघडून काढता पाय घेतला. तो परत आला तर नोजीबाई थंड बट्ट्या सुपात भरत होती. "मुंगीवर दया, गांडुळवर दया," ती म्हणाली, "पन सर्वासथून जास्ती दया तुमना दोन हातसवर. बांधा बिऱ्हाड. जेठजीना ओटा झाडाले जाऊत."

शनिवार उजाडला. भुरीबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवेचं घर तेवढं उभं राहायचं होतं. त्या दिवशी तिची लाह. झुंबरलाल आला तो छत्रीशिवाय. कोट काढून खुंटाला अडकवला, धोतर वर खोचलं आणि शेणमातीच्या गाऱ्यात उतरला. क्षणभर सगळ्यांचे हात थांबले. आयुष्यभर प्रेक्षकांत बसलेल्या माणसाचं ते रंगभूमीवरचं पदार्पण होतं, आणि मी ते चुकवलं, याची हळहळ मला आजही आहे.

पहिल्या पावलाला तो घसरला. दुसऱ्याला आडवा झाला. उठून त्यानं कुडाला लेप लावायला घेतला, तर अर्धा लेप कुडाला, अर्धा स्वतःला.

"शेठ," भुरीबाई म्हणाली, "भीत लिपस का हळद लावस? नवरी कोठे शे?"

बायका पोट धरून हसल्या. पोरं झाडावर चढली. शेठनं तोंड उघडलं, लेपाबद्दल काहीतरी सांगणार, तोच धनसिंगनं नुसती मान हलवली. शेठनं तोंड मिटलं. त्यातही थोडी माती गेली होती. दुपारी नोजीबाई पदर खोचून आली, नवऱ्याला कोपरानं बाजूला सारलं आणि त्यानं बिघडवलेली भिंत सरळ करू लागली.

उन्हं कलताना, जीप चढत नाही त्या बैलवाटेनं, हस्तीमलची बैलगाडी आली. पांढरी टोपी, पांढरा सदरा. चिखलानं माखलेल्या एका माणसाला त्यानं गाडीतूनच दरडावलं, "ए, झुंबरलाल शेठ कोठे शे?"

चिखलातले डोळे मिचकले. झाडावरची पोरं खाली वाकली. कूड अजून अर्धा उघडा होता.

"शे ना, भाई," तो चिखल म्हणाला. "कामवर शे. तुमनी गाडी रिकामी दखास. टेकडमाथून बांबू आनाना शेतस, जरा बैल तिकडे वळावा."

हस्तीमलला आवाज ओळखू आला, आणि त्याच्या हातून कासरा सुटला. धनसिंगनं बैलांची वेसण धरून गाडी टेकाडाकडे वळवलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हस्तीमलची गाडी रिकामीच तळोद्याला परतली आणि शेठच्या लाहेला सगळा पाडा आला. त्यांनी शिळ्या बट्ट्या फोडून वरणात चुरल्या, बोकड नाही म्हणून घसा फोडून तक्रार केली आणि चुरमा पुन्हा मागून घेतला. घर उभं राहिलं ते वरच्या टेकाडावर, धनसिंगच्या शेजारी, बांबूच्या कुडाचं. जागा कुठली घ्यायची हे कोणी शेठला विचारलं नाही. पहिला खांब रोवताना त्याला राहवलं नाही. "जरासा डावीकडे..." तो म्हणाला. धनसिंगनं दुसऱ्या खांबाचं टोक त्याच्या खांद्यावर ठेवलं.

ओझ्याखाली वाकल्यावर त्याला जमिनीखेरीज काही दिसेना. मग तो गुपचूप, धनसिंग सांगेल तिकडे चालू लागला.